‘कवडीचुंबक’ या शब्दातला चुंबक कोणता?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. अतिशय चिकट माणसाला माझी आजी ‘कवडीचुंबक’ म्हणते. परवा मुलाने पटाच्या डब्यातल्या कवड्यांना लोहचुंबक लावून पाहिला, तेव्हा अर्थातच एकही कवडी ओढली गेली नाही. कवडी ही समुद्रातल्या गोगलगाईचे कवच. तिच्यात लोखंड कुठले? मग हा शब्द कसा झाला, या त्याच्या प्रश्नावर मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मडगाव)
आपल्या मुलाची शंका रास्त आहे. संस्कृतात ‘चुम्ब्’ हा चुंबन घेणे या अर्थाचा धातू आहे आणि ‘चुंबक’ म्हणजे मुळात चुंबन घेणारा; लोखंडाला बिलगणाऱ्या दगडालाही तेच नाव मिळाले. शाळेत आपल्याला लोहचुंबक आधी भेटतो, म्हणून आपली गफलत होते. कवडीचुंबक म्हणजे, कवडीसुद्धा हातातून सोडवत नाही म्हणून तिचे मुके घेत बसणारा माणूस.

उत्तर (पेडणे)
वरील अर्थ मला पटतो. त्यात कवडीच का, हेही पाहावे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म असे कोष्टक दिले आहे, म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. मालदीवहून गलबतांनी येणारी ही कवडी व्यवहारातले सर्वांत हलके चलन होती, म्हणूनच ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्द आपल्या बोलण्यात राहिले.
‘कृपण’ची जात मात्र निराळी आहे. त्याचा मूळ अर्थ दीन, केविलवाणा असा असून ‘कृपा’शी त्याचे नाते आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन ‘कार्पण्यदोष’ म्हणतो, तेव्हा तो पैशांबद्दल बोलत नाही. आपल्या मनाच्या दुबळेपणाबद्दल बोलतो. ‘कवडीचुंबक’ या शब्दात अशी कणव मुळीच नाही.

प्रश्नकर्ता (फोंडा)
दोघांचेही मनापासून आभार. कणव नाही, हे अगदी खरे. हाती पैसा नसलेल्या, काटकसरीने संसार करणाऱ्या माणसाला आजीने हा शब्द कधीच लावला नाही, आणि तो तसा वापरला जाऊ नये असे मलाही वाटते. मी तिच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला तो बाजारात, तांबड्या भाजीच्या जुडीमागे एक रुपया कमी करावा म्हणून म्हाताऱ्या भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या एका सधन गृहस्थाबद्दल. शेवटी तो रुपया देताना त्यांचे बोट नाण्यावरून उठत नव्हते.