कॉलेजचा प्रशासकीय इतिहास लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू?

मृणाल_मराठीविभाग

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कला महाविद्यालयात मी मराठी शिकवते. कॉलेज पन्नाशीच्या दशकातलं आहे. यंदा स्मरणिका निघतेय आणि 'प्रशासकीय वाटचाल' हे प्रकरण माझ्याकडे आलंय, वीस पानांचं.

हातात काय आहे? प्राचार्यांची यादी, इमारतींची यादी, आणि आधीच्या स्मरणिकेतलं 'संस्थेने उत्तरोत्तर प्रगती केली' हे वाक्य. हे वाक्य तीन वेगवेगळ्या लेखांत आहे! यातून वीस पानं कशी होणार? आणि झाली तरी ती कोण वाचणार?

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. माझ्या आत्याची, मामांची आणि माझी, तिघांची बी.ए. याच कॉलेजातली, याच इमारतीतली. पदव्यांवर नावं तीन विद्यापीठांची: पुणे, शिवाजी, सोलापूर. कॉलेज तर जागचं हललेलं नाही. विद्यापीठ बदललं म्हणजे कॉलेजात नेमकं काय बदललं? हे कुठल्या कागदात सापडेल? ज्यांनी असं काही लिहिलंय किंवा कॉलेजच्या ऑफिसात काम केलंय, त्यांनी कृपया सांगावं.

---

इतिहासवाचक

मॅडम, तुमच्या प्रश्नाचं मूळ १८५७ मध्ये आहे. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठ परीक्षा घेणार, पदवी देणार, शिकवणार कॉलेजं. म्हणून आपल्याकडे कॉलेज आणि विद्यापीठ ही पहिल्यापासून दोन घरं आहेत, आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे संलग्नता. १९०४ च्या कायद्याने हा धागा घट्ट केला. कॉलेजांची तपासणी करण्याचा अधिकार विद्यापीठांना मिळाला, संलग्नतेच्या अटी कडक झाल्या.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उदाहरण नजरेसमोर ठेवा. १८२१ ची संस्कृत पाठशाळा, १८५१ मध्ये तिचं पूना कॉलेज, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केलं. माजी विद्यार्थी त्यासाठी भांडले, आणि १९३९ मध्ये ते पुन्हा उघडलं ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे आले ते या दुसऱ्या जन्मात. प्राचार्यांची यादी कितीही नीट लावली तरी हे त्यात दिसत नाही.

---

जुना_रजिस्ट्रार

मॅडम, मी तुमच्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात १९७३ ला कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०११ ला रजिस्ट्रार म्हणून निवृत्त झालो. शिकवणारे शिकवतात, पण कॉलेज कागदावर उभं असतं आणि तो कागद ऑफिसात असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्राचार्यांची यादी बाजूला ठेवा. तीन गोष्टी शोधा: परीक्षा कोण घेत होतं, पगार कोण देत होतं, आणि नेमणुकीवर शेवटची सही कोणाची होती. यातलं एक जरी बदललं तरी तुमच्या प्रकरणात नवीन परिच्छेद सुरू होतो.

आधी परीक्षा. पुणे विद्यापीठाचा कायदा फेब्रुवारी १९४८ चा, पहिले कुलगुरू बॅ. जयकर. बारा जिल्हे त्याच्याकडे होते, त्यात आपलं सोलापूर. त्याआधीचं कॉलेज असेल तर मुंबईचं नावही लागतं, तुमचं त्यानंतरचं आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू, आणि आपण तिकडे गेलो. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ झालं, एका जिल्ह्यापुरतं. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. तुमच्या घरातल्या तीन पदव्यांचा हिशेब इथे लागतो.

आता हे कागदावर कसं दिसतं ते सांगतो. १९९८ च्या सुमारास एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. साठीच्या आत-बाहेर. पेन्शनच्या कामासाठी त्यांना गुणपत्रकांच्या दुय्यम प्रती हव्या होत्या. आधी त्या कोल्हापूरला जाऊन आल्या होत्या, तिथे एकच सापडलं होतं. मी जनरल रजिस्टर काढलं, म्हणजे कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असलेलं. लांब, आडवं, कापडी पाठीचं रजिस्टर, दोन्ही हातांनी उचलावं लागतं. त्यांचं नाव सापडलं. इंटर आर्ट्स, म्हणजे बी.ए.च्या आधीची परीक्षा, १९६१, बी.ए. १९६४. इंटरच्या शेऱ्यात 'पुणे' निळ्या शाईत, बी.ए.च्या शेऱ्यात 'शिवाजी' काळ्या शाईत, आणि अक्षर दोन्हीकडे एकाच कारकुनाचं. मी म्हणालो, "बाई, इंटरसाठी तुम्हाला पुण्याला जावं लागेल." त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तर याच वर्गात बसले होते हो. दुसऱ्या बाकावर." मॅडम, ही एक ओळ तुमच्या प्रकरणात असावी असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठ बदललं म्हणजे माझ्यासारख्याला अंतर बदललं. कोल्हापूर म्हणजे रात्रीची एस.टी. परीक्षेचे फॉर्म, शिक्षकांच्या मान्यतेचे प्रस्ताव, विषयवाढ, तुकडीवाढ, सगळं पिशवीत घालून निघायचं, पहाटे स्टँडवर तोंड धुवायचं आणि विद्यापीठाचं ऑफिस उघडायच्या आधी दारात उभं राहायचं. एक सही राहिली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. २००४ नंतर पुणे रस्त्यावर केगावला जायचं आणि दुपारच्या जेवणाला परत. हा फरक कुठल्याच अहवालात आलेला नाही. पण तुमच्या कॉलेजात एखादा विषय त्या काळात सुरू का झाला नाही, हे शोधायला जाल तेव्हा कधीकधी उत्तर हेच निघेल, की प्रस्ताव वेळेत पोचला नाही.

कायदेही बदलत गेले. १९७४ मध्ये प्रत्येक विद्यापीठाला आपापला नवा कायदा आला, १९९४ मध्ये राज्यातल्या अकृषी विद्यापीठांना मिळून एकच, आणि आता २०१६ चा, जो मार्च २०१७ पासून लागू आहे. कॉलेजच्या पातळीवर याची खूण सोपी आहे. इतिवृत्तात 'स्थानिक व्यवस्थापन समिती' दिसली की १९९४ चा कायदा, 'महाविद्यालय विकास समिती' दिसली की २०१६ चा.

आता पगार. मी लागलो तेव्हा फीच्या दिवसांत पगार वेळेवर आणि मे-जूनमध्ये उशिरा, कारण संस्था जमेल तसा भागवत होती. पुढे पगाराचं अनुदान सरकारकडून येऊ लागलं आणि कॉलेजची नाडी संस्थेच्या कचेरीतून सरकारच्या उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कचेरीत गेली. संस्थेचे अध्यक्ष तेच, प्राचार्य तेच, खुर्च्या त्याच. पण एखादं पद भरायचं की नाही, हे आता त्यांचं 'ना हरकत' पत्र आल्यावर ठरणार. माझ्या मते विद्यापीठ बदलण्यापेक्षाही हा बदल मोठा, आणि स्मरणिकांमध्ये तो कधीच नसतो.

आणखी एक, जे हमखास सुटतं. दहा अधिक दोन अधिक तीन. आपल्याकडे नवी दहावी १९७५ ला झाली आणि मागोमाग अकरावी-बारावी आली. प्री-डिग्री, म्हणजे पदवीच्या आधीचा कॉलेजातला विद्यापीठाचा वर्ग, गेली. पदवीच्या आधीची मुलं विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली, पण बसली त्याच इमारतीत. आमच्याकडे एका स्टाफरूममध्ये दोन मस्टर आले, सिनियरचं आणि ज्युनियरचं. कालपर्यंत एकत्र चहा पिणाऱ्या प्राध्यापकांची वेतनश्रेणी वेगळी, वरिष्ठ कार्यालय वेगळं, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या झाल्या. आमच्या इतिहासाच्या एका सरांना ज्युनियरला घेतलं गेलं. त्या दिवशी ते सही करायला उभे राहिले आणि कुठल्या मस्टरवर करायची ते त्यांना शिपायाला विचारावं लागलं. मी समोरच बसलो होतो. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. कलाशाखेला याचा मार फार बसला, कारण भाषांचे बरेच तास प्री-डिग्रीवर चालायचे.

आता कागद. जनरल रजिस्टर, संस्थेच्या सभांची इतिवृत्तं, विद्यापीठाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या फायली, विद्यापीठाकडून तपासणीला येणाऱ्या चौकशी समित्यांचे अहवाल (लोकल इन्क्वायरी कमिटी, आम्ही एल.आय.सी. म्हणायचो), दोन्ही मस्टर, आणि ग्रंथालयाचं दाखल रजिस्टर. शेवटचं सोडू नका. समिती येणार असली की त्याआधीच्या महिन्यात पुस्तकांची खरेदी एकदम वाढलेली दिसते. त्यावरून समितीची तारीखसुद्धा काढता येते.

---

बार्शीकर

रजिस्ट्रार काकांनी लिहिलेलं वाचून गळा दाटून आला. माझे वडील अशाच एका कॉलेजात शिपाई होते. कोल्हापूरला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पोचवायला त्यांनाही पाठवत. लाखेचं सील तुटू नये म्हणून गठ्ठा मांडीवर घेऊन रात्रभर जागे बसायचे. मॅडम, शिपायांनाही विचारा. त्यांच्याकडे कागद नसेल, पण कुठलं कपाट कधी कुठे हललं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

---

मृणाल_मराठीविभाग

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर छापून ऑफिसात नेलं. आमच्या ऑफिसातल्या ताईंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि काही न बोलता मागच्या खोलीची किल्ली दिली.

तीन दुपारी तिथे बसले. बार्शीकर, तुमचंही ऐकलं. आमच्या निवृत्त शिपाईमामांना घेऊन गेले होते, त्यांनी नेमकं जिन्याखालचं कपाट दाखवलं. १९६२-६३ ची पत्रव्यवहाराची फाईल त्यात मिळाली. कॉलेजचा छापील लेटरहेड, त्यावर 'पुणे विद्यापीठाशी संलग्न'. 'पुणे' वर पेनाने एक सरळ रेघ मारलेली आणि वर टाईपरायटरने 'शिवाजी'. एका पत्रात असेल असं वाटलं, तर तशी ओळीने अकरा पत्रं आहेत. जुने लेटरहेड संपेपर्यंत वापरले असणार. बाराव्या पत्रापासून नवा छापील लेटरहेड येतो.

आत्याचं नावही सापडलं. निळी शाई.

एक विचारायचं होतं. रजिस्टरची पानं कडेला चुरतात. स्कॅनरवर उलटी ठेवायला हात धजत नाही.

---

जुना_रजिस्ट्रार

उलटी ठेवू नका. रजिस्टर टेबलावर सपाट उघडा, पाठीखाली घडी घातलेला टॉवेल द्या म्हणजे शिवण ताणली जाणार नाही. खिडकीच्या उजेडात वरून मोबाईलने फोटो घ्या, फ्लॅश बंद. पान वरच्या कोपऱ्यातून उलटा, खालचा कोपरा पंच्याहत्तर वर्षं सगळ्यांनी बोट ओलं करून उलटलेला असतो, तो पहिल्यांदा तुटतो. प्रत्येक फोटोत पानाचा नंबर आला पाहिजे.

आणि मॅडम, त्या अकरा पत्रांचे जावक क्रमांक आणि तारखा आजच लिहून काढा. पहिल्या पत्राची तारीख आणि बाराव्याची तारीख, या दोन मला इथे कळवा. आमच्या कॉलेजचा नवा लेटरहेड कधी आला ते माझ्या वहीत आहे, ताडून बघू.