मदत हवी आहे: एंजिनएक्समध्ये एक हेडर लावला की बाकीचे गायब! शिवाय मराठी फाइलनावांचा घोळ

बर्डीकर:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाची साइट मी फावल्या वेळात सांभाळतो. पैसे नाहीत, चहा मिळतो. स्वामित्वहक्क संपलेली ३१२ पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ ठेवली आहेत. सर्व्हर भाड्याचा, उबुंटू २२.०४, त्यावर पानं आणि फायली वाचकांना पाठवणारा वेब सर्व्हर एंजिनएक्स १.१८.

फायलींना दाखल क्रमांकाचीच नावं आहेत, ०१४७ डॉट पीडीएफ अशी. वाचकांची तक्रार अशी की मोबाइलवर उतरवून घेतल्यावर कोणतं पुस्तक कोणतं तेच कळत नाही. म्हणून पीडीएफसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक (ठरावीक पत्त्यांपुरती सेटिंग) केला, त्यात ॲड-हेडरने कंटेंट-डिस्पोझिशन हा हेडर, म्हणजे फाइलसोबत ब्राउझरला जाणारी सूचना, लावला, अटॅचमेंट लिहिलं आणि फाइलनेम म्हणून अवतरणात सरळ मराठी नाव टाकलं. आधी एकाच पुस्तकावर करून पाहिलं. दोन भानगडी झाल्या.

एक, माझ्या फोनवर नाव नीट येतं, पण वाचनालयातल्या काकांच्या फोनवर कचरा येतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यामागे चलनाचं कसलंसं चिन्ह, मध्येच जपानी येन, परत ए. पूर्ण नाव असंच.

दोन, ही जास्त त्रासाची. सर्व्हर ब्लॉकमध्ये वर तीन हेडर आधीपासून आहेत, त्यात नोस्निफ (फाइलचा प्रकार ब्राउझरने स्वतः ओळखू नये म्हणून) आणि एचटीटीपीएसची सक्ती करणारा. मुखपृष्ठावर तिन्ही दिसतात, पीडीएफवर एकही नाही! स्पेलिंग तीनदा तपासलं, रीलोड केलं, शेवटी रीस्टार्टही केलं. दोन रात्री गेल्या, कूलरमधलं पाणी संपलं, पण हे काही सुटून नाही राह्यलं. काहून होत असंल?

(इथं कोड चिकटवला की ओळी विस्कटतात, म्हणून शब्दांतच सांगितलं.)

तर्रीपोहे:
ब्राउझरमध्ये पाहता का कर्लने (कमांड देऊन सर्व्हरचं उत्तर दाखवणारं साधन)? ब्राउझर कॅशमधलं जुनं दाखवतो आणि माणूस उगाच डोकं फोडत बसतो.

बर्डीकर:
कर्लनेच, फक्त हेडर दाखवणारा आय पर्याय लावून. डिस्पोझिशन येतो, वरचे तिन्ही नाहीत.

निळा_दिवा:
मग तुमचं काही चुकलेलं नाही, एंजिनएक्सचा नियमच तसा आहे. ॲड-हेडर वरच्या पातळीवरून खाली वारशाने येतो, पण खालच्या ब्लॉकमध्ये एकही ॲड-हेडर नसेल तरच. तुम्ही लोकेशनमध्ये एक लिहिला, त्याच क्षणी वरचे सगळे त्या ब्लॉकपुरते बाद. भर पडत नाही, अदलाबदल होते. एरर नाही, वॉर्निंग नाही, सेटिंग तपासणारी एंजिनएक्स हायफन टी ही कमांड पण सगळं ठीक म्हणते. मीही यात एकदा तोंडावर आपटलोय.

उपाय साधा आहे. ते तीन हेडर एका वेगळ्या फायलीत काढा आणि सर्व्हर ब्लॉकमध्येही इन्क्लूड करा, पीडीएफच्या लोकेशनमध्येही. पुढे जिथे जिथे नवा ॲड-हेडर लिहाल तिथे ती इन्क्लूडची ओळ आलीच पाहिजे. नव्या १.२९.३ पासून वारसा जोडून घेणारं ॲड-हेडर-इनहेरिट आलंय, पण १.१८ वर त्याचा उपयोग नाही.

त्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी ऑलवेज लिहा. नाहीतर ४०४, ५०० अशा एररच्या उत्तरांवर हेडर जातच नाहीत. डिस्पोझिशनला मात्र ऑलवेज लावू नका. फाइल सापडली नाही तर एररचं पान कशाला उतरवायचं?

तर्रीपोहे:
अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये असं होत नाही बरं का. तिथे हेडर सेट वर लिहा, खाली लिहा, दोन्ही एकत्र होतात.

निळा_दिवा:
खरंय. पण तिथे हेडर सेट आणि हेडर ऑलवेज सेट यांच्या याद्या वेगळ्या असतात. दोन्हीकडे एकच नाव लिहिलं की तोच हेडर दोनदा जातो. सुखी कोणीच नाही.

अक्षरवेडी:
नावाचं मी सांगते. तो कचरा म्हणजे तुमचं मराठीच आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचलेलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं. संगणकाच्या सोळाच्या अंकपद्धतीत पहिला बाइट ई-शून्य, दुसरा ए-चार किंवा ए-पाच. जुन्या लॅटिन-१ पद्धतीने वाचलं की पहिल्याचा तो रेघवाला ए होतो, दुसऱ्याचं चलनचिन्ह किंवा येन. साध्या फाइलनेममध्ये इंग्रजीपलीकडची अक्षरं कशी वाचायची ते ज्याचं त्याच्यावर, म्हणून तुमच्या फोनवर बरोबर आणि काकांच्या फोनवर चूक.

यासाठी फाइलनेम-तारांकित वापरायचं असतं, २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेटच्या मानकात आहे ते. फाइलनेम लिहून त्याला तारा चिकटवा, मग बरोबरचं चिन्ह, यूटीएफ-८, दोन एकेरी अवतरणं लागोपाठ, आणि पुढे प्रत्येक बाइट टक्का-चिन्ह लावून लिहिलेलं नाव. क असेल तर टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का नऊ-पाच. त्याच्या आधी साधं फाइलनेमही राहू द्या, ०१४७ डॉट पीडीएफ. ज्याला तारा कळत नाही तो ते घेईल.

३१२ लोकेशन लिहीत बसू नका हो! एंजिनएक्सच्या सेटिंगमधल्या एचटीटीपी ब्लॉकमध्ये मॅप, म्हणजे जोड्यांची यादी, करा: डावीकडे पीडीएफचा पत्ता, उजवीकडे डिस्पोझिशनची अख्खी ओळ. लोकेशनमध्ये डिस्पोझिशनचा ॲड-हेडर एकच, त्यात मॅपमधून किंमत घेणारा व्हेरिएबल. यादीत नसलेल्या फायलीला किंमत रिकामी येते, आणि रिकामा हेडर एंजिनएक्स पाठवतच नाही.

बर्डीकर:
ताई, दादा, दोघांचेही आभार! इन्क्लूड केल्याबरोबर तिन्ही हेडर परत आले. ४० नावं मॅपमध्ये टाकून पाहिली, काकांच्या फोनवर पुस्तकाचं नाव शुद्ध मराठीत उमटलं. हाताने टक्के लिहायचे नाहीत म्हणून दाखल नोंदवहीच्या स्प्रेडशीटमध्येच एनकोड-यूआरएलचं सूत्र लावलं. पण आता काका म्हणून राह्यले की नावात लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती सगळंच पाहिजे. चालेल का?

अक्षरवेडी:
हेडर जाईल, पण फोनवर अडेल. बहुतेक अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलनाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीला तीन बाइट, म्हणजे ८५ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजायची. जुन्या पुस्तकांची नुसती नावंच केवढी लांब असतात!

बर्डीकर:
आत्ताच सूत्राने मोजलं. फक्त नाव आणि लेखक घेतला तरी ७ पुस्तकं ८५ च्या वर जातात. त्यांची आखूड नावं काय ठेवायची ते काकांनाच विचारतो, उद्या चहाच्या वेळी.