जादूने खुनी कळतो, मग रहस्य उरतं कुठे?

वाळूघड्याळ

गेली दोन वर्षं मी एक कादंबरी लिहितेय. काळ १८४३, शहर लंडन. नवरा-बायको मिळून खुनांचा तपास लावतात आणि दोघांनाही थोडी थोडी जादू येते. पहिली सात प्रकरणं चार जाणत्या वाचकांना दिली होती. त्यातल्या दोघांनी एकच सांगितलं: जादू काढून टाका, रहस्यकथेत जादू म्हणजे लबाडी. मला हे पटत नाही. का पटत नाही ते इथे मांडते, कारण इथली माणसं रहस्यकथा जीव लावून वाचतात.

आधी जादू काय आहे ते सांगते. विझलेल्या मेणबत्तीची वात नवऱ्याने पुन्हा पेटवली की मागच्या खेपेला ती जळताना भिंतीवर ज्या सावल्या पडल्या, त्या त्याला दिसतात. फक्त सावल्या. चेहरा नाही, आवाज नाही. बायकोला वस्तू हातात घेतली की तिला शेवटचं कुणी धरलं होतं त्या पकडीची ऊब कळते. पकड घट्ट होती की सैल, घाबरलेली की निवांत, एवढंच. तेही पुढच्या सूर्योदयापर्यंत, आणि लोखंडातून काहीच कळत नाही. त्याला दिसतं ते तिला दिसत नाही, तिला कळतं ते त्याला कळत नाही. दोघांना एकमेकांना सांगावं लागतं.

आता माझा मुद्दा. जादूने त्यांना कळतं, पण ते सिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये १७३५च्या कायद्याने चेटूक हा गुन्हा राहिला नाही, चेटूक येतं असं सांगणं हा गुन्हा झाला. शिक्षा एक वर्ष कैद. म्हणजे माझ्या जोडप्याने कोर्टात उभं राहून 'आम्ही सावली पाहिली' म्हटलं, की खुनी बाजूला राहील आणि हेच आत जातील. त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा शोधावी लागते. एकदा स्वतःला कळण्यासाठी आणि एकदा ज्युरीला पटण्यासाठी. माझी कादंबरी या दोन शोधांच्या मधल्या जागेत घडते. रहस्य मरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं, नक्की कुठे मरतं?

तर्कशुद्ध

सहमत नाही. कुठे मरतं ते सांगतो.

रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला दुसरा असा की अलौकिक शक्ती पूर्णपणे बाद. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता हे लक्षात घ्या. अलौकिकावर त्याची श्रद्धाच होती, तरी रहस्यकथेतून त्याने ते बाहेर ठेवलं. कारण रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार आहे. डिटेक्टिव्हला जे दिसलं ते मलाही दिसलं पाहिजे, आणि त्यावरून मलाही उत्तर काढता आलं पाहिजे.

तुमच्या कथेत सावली फक्त नवऱ्याला दिसते, ऊब फक्त बायकोला कळते. मला काय दिसतं? त्या दोघांनी सांगितलेलं. मग मी तर्क कशावर करू?

दुसरं, लोखंडातून काही कळत नाही, ते का? माझा अंदाज असा की हत्यार लोखंडाचं आहे, आणि कळलं असतं तर गोष्ट दहाव्या पानावर संपली असती. जादूला घातलेली प्रत्येक मर्यादा लेखकाच्या सोयीची असते. वाचकाला ते जाणवतं, आणि एकदा जाणवलं की पुढच्या पानांवरचा विश्वास उडतो.

पानोपानी

तर्कशुद्ध, तुमचा दुसरा मुद्दा मान्य केला तर अख्खी रहस्यकथाच मोडीत निघेल. गाडी नेमकी त्याच रात्री बर्फात का अडकते? डॉक्टर नेमका गावाला का गेलेला असतो? सगळं लेखकाच्या सोयीचंच असतं. सोय आहे म्हणून कुणी चिडत नाही. ती उशिरा सांगितली तर चिडतो. लोखंडाचं पहिल्याच प्रकरणात सांगितलं असेल, तर तो बुद्धिबळातल्या उंटासारखा नियम झाला. उंट तिरपाच का जातो असं आपण विचारत नाही.

आणि हे पूर्वी झालेलं आहे. रँडल गॅरेटने १९६०च्या दशकात लॉर्ड डार्सीच्या कथा लिहिल्या. त्या जगात जादू हे रीतसर शास्त्र आहे, साधर्म्याचा नियम, संसर्गाचा नियम, सगळं बांधलेलं. तपास करणारा डार्सी स्वतः जादू जाणत नाही. त्याच्यासोबतचा जादूगार प्रयोगशाळेतल्या माणसासारखा अहवाल देतो आणि डार्सी त्यावर डोकं चालवतो. एका कादंबरीत तर जादूगारांच्या संमेलनात बंद खोलीत खून होतो. तरीही करार मोडत नाही.

खुनी आधी कळणं हाही दोष नाही. ऑस्टिन फ्रीमनने १९१२ सालीच असे प्रयोग केले होते. गुन्हा कुणी आणि कसा केला ते वाचकाला आधी सांगायचं, मग ते सिद्ध कसं होतं ते बघायचं. वाळूघड्याळ यांचा 'दोनदा शोध' त्याच घराण्यातला आहे.

जुनी दप्तरं

तुम्ही दोघं जादूवर भांडताय. माझी तक्रार इतिहासाची आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते.

धागाकर्तीने १७३५चा कायदा आधाराला घेतलाय. पण तो कायदा कशावर उभा आहे? चेटूक नसतंच, जो आहे म्हणतो तो लोकांना फसवतो, या समजावर. ज्या जगात खरोखर वातीतून सावल्या दिसतात आणि वस्तूंतून ऊब कळते, त्या जगातल्या संसदेला हा समज कसा होईल? पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी ते करून दाखवलंच असणार. मग कायदा वेगळा हवा, कोर्ट वेगळं हवं, पोलीस वेगळे हवेत. खरी जादू आणि खरा इतिहास एकाच पिशवीत भरता येत नाही.

जादूचा पुरावा कोर्टाने मानला तर काय होतं, तेही इतिहासात आहे. १६९२, अमेरिकेतलं सेलम. अमुक बाईची छाया येऊन मला छळते, अशी साक्ष कोर्टाने ऐकून घेतली. ती छाया साक्ष देणाऱ्यालाच दिसे, बाकी कुणाला नाही. १९ माणसं फासावर गेली. त्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते कोर्ट बंद केलं. पुढच्या जानेवारीत नवं कोर्ट बसलं, त्याने छायेचा पुरावा नाकारला आणि बहुतेक सगळे सुटले.

आता तुमचा नवरा बघा. त्यालाही एकट्यालाच सावली दिसते. वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवावा असं तुम्ही सुचवताय. सेलमनंतर तो विश्वास मी ठेवू शकत नाही. तुमच्या कादंबरीत हा प्रश्न कुणी विचारतं का?

वाळूघड्याळ

जुनी दप्तरं, विचारतं. त्याची बायकोच विचारते.

तिसऱ्या प्रकरणातला प्रसंग सांगते. मध्यरात्र उलटलीय, एका वकिलाच्या अभ्यासिकेत प्रेत आहे. नवरा भिंतीकडे तोंड करून मेणबत्ती पेटवतो. बायको दाराशी उभी आहे. तिला फक्त ज्योत आणि नवऱ्याची पाठ दिसते. मग एका क्षणी त्याचे खांदे किंचित वर जातात. तो फुंकर घालतो आणि म्हणतो, 'एकच सावली होती.' ती त्याच्या हातातून मेणबत्ती घेते. मेणावर आता शेवटची पकड त्याचीच आहे, आणि ती पकड घाबरलेली आहे. ती काही बोलत नाही. सातव्या प्रकरणापर्यंत बोलत नाही.

वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवावा असं मी म्हणतच नाही. दोघांपैकी कुणीही लपवू शकतं, म्हणून तर त्यांना नवरा-बायको केलं. दोन मित्र असते तर एक जण उठून निघून गेला असता. १८४३ साली तिला निघून जाता येत नाही. तपासाची बिदागी तिने मिळवली तरी कायद्याने ती नवऱ्याची. स्वतःच्या कमाईवर बायकोचा हक्क १८७०च्या कायद्याने आला. पुढे संशय नवऱ्यावरच येतो. तो निर्दोष आहे हे तिला हाताने कळलेलं आहे, पण आरोपीच्या बायकोची साक्ष तेव्हाचं फौजदारी कोर्ट, थोडे अपवाद सोडले तर, घेतच नव्हतं. आरोपीला स्वतःलाही शपथेवर साक्ष देता येत नव्हती. दोन्ही गोष्टी १८९८ साली बदलल्या. म्हणजे ज्या दोघांना खरं माहीत आहे, नेमक्या त्या दोघांचीच तोंडं बंद. हे मी रचलेलं नाही, तेव्हाचा कायदाच असा होता. मला फक्त त्यात दोन माणसं उभी करायची होती.

कायदा वेगळा झाला असता हा तुमचा मुद्दा अवघड आहे. माझं आत्ताचं उत्तर असं की ही जादू फार थोड्यांना येते आणि करणाऱ्याखेरीज दुसऱ्याला दाखवताच येत नाही. जे दाखवता येत नाही, त्याला संसद ढोंगच म्हणणार.

उंबरठा

मी इथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. आज लिहिते.

लग्न झालेले डिटेक्टिव्ह म्हटलं की मला धास्ती वाटते. रहस्यकथाकार व्हॅन डाइनने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम लिहिले, त्यात प्रेमप्रकरण नको असा एक होता. तो मला कधी पटला नाही. पण पुढे जी जोडपी आली, त्यातल्या बहुतेकांचं लग्न म्हणजे संवादाला फोडणी. एक चिमटा तिने काढायचा, एक त्याने. संसार त्यात कुठेच नाही. तुमचा मेणबत्तीचा प्रसंग वाचून पहिल्यांदा वाटलं की इथे संसार आहे.

तरीही माझं मत जादूच्या विरोधात आहे, कारण तर्कशुद्ध यांच्यापेक्षा वेगळं. माझ्या लग्नाला २६ वर्षं झाली. नवरा घरी आल्यावर किल्ली कशी ठेवतो त्यावरून त्याचा दिवस कसा गेला ते मला कळतं. नीट अडकवली तर ठीक. टेबलावर टाकली तर काहीतरी झालंय. टाकून पुन्हा उचलून अडकवली, तर ते तो मला सांगणार नाहीये. याला जादू लागत नाही. तुमच्या बायकोला मेणातून जे कळलं, ते त्या वर गेलेल्या खांद्यांवरून तिला आधीच कळलं होतं. तुम्हीच तसं लिहिलंय! मग ऊब कशाला? ज्या गोष्टी बायको लक्ष ठेवून, सोसून, वर्षानुवर्षं शिकते, त्या जादूने फुकट दिल्या की त्या बाईचं श्रेय जातं.

पानोपानी

उंबरठा, किल्लीचं वाचून थांबलो. पण खांद्यांवरून तिला संशय येतो, मेणावरून खात्री होते. संशय गिळून राहता येतं. खात्री झाल्यावर चार प्रकरणं गप्प बसणं ही वेगळीच गोष्ट आहे. त्यासाठी मला ऊब हवी.

तर्कशुद्ध

मी अजून विरोधातच आहे, पण सावल्यांवर कालपासून विचार करतोय. एक गोष्ट सापडली, ती सांगतो.

नवऱ्याने सावलीवरून माणसाची उंची ठरवली असेल तर तो चुकणार. मेणबत्ती जळत जाते तशी ज्योत खाली येते, आणि ज्योत खाली आली की माणसाची सावली भिंतीवर वर चढते. हिशेब करा. माणूस साडेपाच फुटांचा, मेणबत्तीपासून ३ फुटांवर. भिंत मेणबत्तीपासून ९ फुटांवर. ज्योत जमिनीपासून ४ फुटांवर असेल तर सावलीचं डोकं साडेआठ फुटांवर पडतं. ज्योत साडेतीन फुटांवर आली की तेच डोकं साडेनऊ फुटांवर. माणूस तोच, जागा तीच. ज्योत अर्धा फूट उतरली, सावली एक फूट चढली.

म्हणजे मेणबत्ती किती उरली होती आणि टेबल केवढं होतं हे तुम्ही आधी लिहिलंत, तर नवऱ्याच्या चुकीचं उत्तर मी काढू शकतो. त्याला जे दिसलं ते मला दिसण्याची गरजच नाही. एवढ्यापुरता माझा पहिला आक्षेप मी मागे घेतो. लोखंडाचा घेत नाही.

वाळूघड्याळ

तर्कशुद्ध, हा हिशेब मी केलाच नव्हता. माझा नवरा पाचव्या प्रकरणात सावलीवरून 'उंच माणूस' म्हणतो आणि मी त्याला बरोबर ठरवून पुढे गेले होते. आता तो चुकलेला असणार, आणि पुढची दोन प्रकरणं त्यामुळे बदलणार.

माझ्याकडे वातीचीच दुसरी खूण होती. चरबीच्या मेणबत्तीची वात जळून लांबते, काजळी धरते, धूर करते. ती सारखी कातरावी लागे. विणलेली, आपोआप वळून जळून जाणारी वात १८२०च्या दशकात निघाली, पण ती महागड्या मेणबत्त्यांत. या वकिलाकडे चरबीच्या मेणबत्त्या आहेत आणि शेजारी वात कातरायची कात्री आहे. वात कातरली की त्या टोकाने पाहिलेल्या सावल्याही गेल्या. नवऱ्याला एकच सावली दिसली ती म्हणून. आधीच्या सावल्या कात्रीच्या खोबणीत काजळी होऊन पडल्या आहेत. कात्री लोखंडाची, म्हणून ती कुणी धरली ते बायकोला कळत नाही. लोखंड त्यासाठी होतं, हत्यारासाठी नाही. कात्री आणि लोखंडाचा नियम दोन्ही पहिल्या प्रकरणात आहेत. आता टेबलाची उंचीही तिथेच येईल, आणि बशीत चार बोटं उरलेली मेणबत्ती.

उंबरठा, तुमच्या किल्लीवर मी रात्रभर विचार केला. सातव्या प्रकरणात ती त्याला अखेर विचारते, तेव्हा मी तिच्या हातात मेणबत्ती दिली होती. ती काढून घेतेय. नुसती त्याच्याकडे बघून विचारेल.

उंबरठा

हो. आणि त्याला लगेच उत्तर देऊ देऊ नका.

जुनी दप्तरं

कात्री आवडली. पण १७३५चं उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. करणाऱ्याखेरीज कुणाला दिसत नाही म्हणता, पण हे जोडपं तपास लावून बिदागी घेतं, म्हणजे त्यांचं म्हणणं वारंवार खरं ठरतं. १८४२ साली लंडनच्या पोलिसांनी डिटेक्टिव्ह शाखा काढली, अवघी आठ माणसं. त्यातल्या एखाद्याने वर्षभर यांच्या मागे राहून नुसती नोंद ठेवली असती, तर त्याच्या लक्षात आलंच असतं. तो माणूस तुमच्या सात प्रकरणांत कुठे आहे?