तुटक्या कडेची जुनी ऐरण: वेल्डिंग करून भरून घ्यावी की आहे तशीच वापरावी?

निखारा
दोन वर्षं झाली, रविवारी घरामागच्या शेडमधे लोहारकाम करतोय, विळे, कोयते, दाराच्या कड्या असलं. आजवर एका जाड प्लेटच्या तुकड्यावर भागवलं. गेल्या महिन्यात खानदेशातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपचं भंगार निघालं त्यात ही ऐरण मिळाली. गंज खरवडल्यावर बाजूला पीटर राइट पेटंट अशी अक्षरं दिसली, म्हणजे इंग्लंडमधल्या डडलीची, आणि खाली १ - २ - १० असे आकडे. ते किलो नाहीत बरं का, जुन्या इंग्रजी ऐरणींवर पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा आणि तिसरा सुटे पौंड, म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, साधारण ८१ किलो. काट्यावर ८० भरली.

आता दुखणं. समोरच्या कडेचा चार बोटं लांबीचा टवका उडालाय आणि मधे पोट पडलंय, पट्टी आडवी ठेवली की खालून ३ मिमी उजेड दिसतो. मिलिंगवाला (मशीनवर लोखंड कापून सपाट करणारा) म्हणतो वरून ४ मिमी उतरवून आरशासारखी करून देतो, आणि कड वेल्डिंगनं भरायची. माझं मत असं की एवढी चांगली वस्तू हाताला लागलीय तर ती पूर्ण नीट करावी, नव्यासारखी. कुणी केलंय का असं?

घणाचा नातू
मिलिंगला नेऊ नकोस. हात जोडून सांगतो.

आमच्या घरात तीन पिढ्या लोहारकी. आज्ज्याची ऐरण म्हणजे बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेला चौकोनी ठोकळा, शिंग (पुढचं निमुळतं गोल टोक) नाही, हत्यार बसवायचं भोक नाही, काही नाही, आणि तिच्या मधेही तुझ्यासारखंच पोट पडलेलं. त्या पोटावरच तो वाकलेली पहार सरळ करायचा. सपाट जागेवर वाकडं लोखंड ठोकलं की ते फक्त सपाट होईपर्यंत दबतं आणि घण उचलला की परत थोडं उसळून वाकडंच राहतं, त्याला सरळच्या पलीकडे जरा जास्त दाबावं लागतं, आणि त्यासाठी खाली पोकळी लागते. तू जे दुखणं म्हणतोस ते हत्यार आहे रे.

कडेचंही तेच. धारदार कड कुणाला हवी असते? तापलेल्या कामावर ती रेघ उमटवते, मग पुढच्या घावात ती रेघ दुमडते आणि तिथूनच चीर जाते. आज्जा नवीन ऐरण आली की पहिल्यांदा कडा घासून गोल करायचा. तुझ्या ऐरणीच्या बाकीच्या कडा शाबूत आहेत ना? मग तेवढी एक जागा सोडून काम कर.

वेल्डर २२ वर्षं
नातूंच्या भावना समजतात आणि मिलिंगच्या बाबतीत मी १०० टक्के त्यांच्या बाजूनं आहे. या ऐरणींचं अंग नरम घडीव लोखंडाचं असतं आणि वर साधारण अर्ध्या इंचाची पोलादी पाटी भट्टीतच सांधा मारून बसवलेली असते, पाणी दिलेली, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेली. सगळा जीव त्या पाटीत. शंभर वर्षांत ती आधीच झिजलीय, त्यातून अजून ४ मिमी काढले तर पाटी पातळ होऊन घावाखाली दबायला लागेल, आणि मग मात्र खरंच भंगार.

पण टवक्याचं म्हणणं पटत नाही. तुटलेल्या जागी पाटीची कड आता उघडी आहे, खाली आधार नाही. तिथं चुकून घाव बसला की अजून तुकडा उडणार आणि पोलादाचा उडालेला तुकडा गोळीसारखा जातो. आमच्या शॉपमधे एका पोराच्या डोळ्याच्या खाली असा कपचा घुसला होता, बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता. मला तो दिवस अजून आठवतो. म्हणून सांगतो, भरून घ्या, पण रीतसर. आधी सगळी ऐरण २०० डिग्रीच्या आसपास तापवायची, नुसती कड नव्हे, सगळी. खाली ७०१८ चे (हा वेल्डिंग रॉडचा एक प्रकार) थर, वर आघात सोसणारा हार्डफेसिंग रॉड, म्हणजे वर कडक थर चढवणारा (घासण्यासाठीचा नाही, तो घावाखाली तडकतो), आणि मग चुन्याच्या भुकटीत किंवा राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. थंड ऐरणीवर रॉड मारला तर ८० किलोचं लोखंड त्यातली उष्णता क्षणात ओढून घेतं आणि टाक्याशेजारी काचेसारखी ठिसूळ पट्टी तयार होते. दोन दिवस टिकेल, मग टाका अख्खा निघून येईल, सोबत चांगलं पोलादही घेऊन.

निखारा
मिलिंग रद्द. तुटलेल्या जागी पाटीची सांध्याची रेघ दिसते, मोजलं तर १० मिमी उरलीय. ४ गेले असते तर ६.

ऐरण किती कडक ते बघायला बेअरिंगच्या दुकानातून एक इंची पोलादी गोळी आणून वरून टाकून बघितली, जितकी कडक तितकी गोळी जास्त उसळते. १० इंचावरून सोडली तर मधे ७ ते साडेसात इंच उसळते, टाचेकडेही (शिंगाच्या उलट टोकाला) तेवढीच, पण टवक्याच्या शेजारी जेमतेम ३. हे काय आहे?

हिशेबी
मला एक कळत नाही, एवढं सगळं कशासाठी? ऐरणीचे पैसे, टेम्पोचं भाडं, वर वेल्डर, रॉड, आणि शेवटी मिळणार काय तर दुरुस्त केलेली जुनी वस्तू. एमआयडीसीत फोर्जिंगवाल्यांकडे ईएन १९, ईएन २४ अशा मजबूत पोलादाचे कापून उरलेले तुकडे वजनावर मिळतात. १५० बाय १५० चा ३० सेंमीचा तुकडा ५३ किलो भरतो, ओंडक्यात उभा बसवला की वरून पडणारा प्रत्येक घाव खालच्या सगळ्या वजनावर बसतो. जपानी तलवारवाले बिनशिंगाच्या ठोकळ्यावरच काम करतात की. नाहीतर रूळ आहेच, आपल्याकडचा ६० किलोचा रूळ म्हणजे एका मीटरला ६० किलो, आडवा न ठेवता उभा गाडायचा. आडवा रूळ मधल्या पातळ भागामुळे स्प्रिंगसारखा हलतो, म्हणून लोकांना वाटतं रूळ वाईट.

फक्त त्या नव्या स्वस्त बिडाच्या ऐरणी कुणी घेऊ नका. गोळी टाकली की मातीत पडल्यासारखी बसते.

घणाचा नातू
ठोकळ्याचं बरोबर बोललात, आमचा आज्जा त्याच्यावरच जगला. पण रुळाबद्दल लिहिताना पुढचंही लिहा. रेल्वेचा माल बेकायदा बाळगल्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो माल आपल्याकडे कसा आला हे दाखवायची वेळ आपल्यावर येते. बिल नसेल तर भंगारवाला कितीही ओळखीचा असो, घेऊ नका. घिसाडी माणसं रस्त्याकडेला पाल ठोकून काम करतात, बाई घण मारते आणि बापई सांडशीत काम फिरवतो, त्यांच्याकडे असला तुकडा दिसला की आधी चौकशी त्यांचीच होते. हौशी माणसाला एक वेळ सोडतील.

आणि शिंगाची सवय लागलेल्याला ठोकळा अपुरा पडतो. कडी वळवायची म्हटलं की शिंगच लागतं.

वेल्डर २२ वर्षं
निखारा, ३ इंचाचा अर्थ लगेच लावू नका. गंजाच्या खड्ड्यावर गोळी पडली तरी ती आडवी उडते आणि आकडा कमी येतो. आधी जागा साफ करा, मग दोन गोष्टी. लहान हातोडीनं पाटीवर सगळीकडे टिचक्या मारत जा, पाटी सुटली असेल तर तिथं आवाज बद्द किंवा किरकिरा येतो. आणि नवी कानस घासा. घसरली तर पाणी शाबूत, चावली तर पाणी उतरलंय. कधी कधी वर्कशॉपला आग लागलेली असते आणि अख्खी ऐरणच नरम झालेली असते, तुमची मधे साडेसात देतेय म्हणजे ते नाही.

निखारा
धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जर लावून दोन दिवस गंज काढला (मोकळ्यावर केलं कारण त्यातून हायड्रोजन निघतो, आणि दुसऱ्या टोकाला साधं लोखंडच लावलं, स्टेनलेस लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं). गंज गेल्यावर खरं काय ते दिसलं. टवक्याच्या शेजारी जुन्या वेल्डिंगचे मणी आहेत! म्हणजे आधी कुणीतरी ही कड भरली होती आणि ती टाक्यासकट निघून आलीय. कानस तिथं दोन बोटं रुंदीत लोण्यासारखी चावते, बाकी सगळीकडे घसरते. आवाज मात्र सगळीकडे खणखणीत.

घणाचा नातू
बघा. म्हणजे जे नुकसान दिसतंय त्यातलं अर्धं घण मारून नाही, दुरुस्ती करून झालंय. जिनिंगमधल्या त्या माणसालाही वाटलंच असेल की आपण चांगलं करतोय.

वेल्डर २२ वर्षं
ऐरण न तापवता केलेली दुरुस्ती होती ती, मी वर तेच लिहिलंय. वाईट डॉक्टरमुळे औषध वाईट ठरत नाही. आता तर ती जागा नरमच आहे, तिथं गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, जुने मणी घासून काढून नीट भरली तर फायदाच.

घणाचा नातू
दादा, एक सरळ विचारतो. अख्खी ऐरण २०० ला धरली तरी टाक्याच्या लगतचं पोलाद लाल होतंच ना? मग त्याच्या पलीकडची पट्टी, जी आज कडक आहे, ती नरम पडणार की नाही?

वेल्डर २२ वर्षं
पडते. लहान लहान टाके मारत, मधे थांबत गेलं तरी एक बारीक पट्टी नरम पडतेच, खोटं बोलणार नाही. पण ती पट्टी आणि तुटकी कड यातलं एक निवडायचं तर मी पट्टी निवडेन.

निखारा
मी दोघांचंही तीनतीनदा वाचलं. सध्या एवढंच करतोय: त्या जागेची धार ग्राइंडरनं थोडी थोडी, हात लावून बघत, उतरती करतोय म्हणजे कपचा उडायला टोक राहणार नाही, बाकी कडा कानसीनं हलक्या गोल, आणि अंगाला जवसाचं तेल. पोटाला हात नाही. दसऱ्यापर्यंत वापरतो, खंडेनवमीला पहिल्यांदा हिची पूजा होईल घरात. त्यानंतर ती कड खरंच आडवी येत असेल तर वेल्डरदादांकडे घेऊन येईन. चष्मा घालतोच, तो मुद्दा मनावर घेतलाय.

वेल्डर २२ वर्षं
चालेल. तसंही पावसाळ्यात करू नये, रॉड ओल धरतात आणि ७०१८ ला ओल म्हणजे टाक्यात चिरा, भाजून घेतल्याशिवाय वापरायचाच नाही. दिवाळीनंतर या. माझं मत बदललेलं नाही.

हिशेबी
माझंही नाही. पण फोटो टाका वापरायला लागलात की.

घणाचा नातू
ओंडका बाभळीचा घे, आंब्याचा घेऊ नकोस, वर्षात फाटतो. सरळ उभा राहा, हात खाली सोड, मूठ आवळ, ती मूठ ऐरणीला टेकली पाहिजे एवढीच उंची. शेजारी आवाजाची तक्रार करत असतील तर टाचेखाली स्पीकरचं मोठं चुंबक चिकटव, निम्मी खणखण जाते.