मुलीला हायस्कूल बँड डायरेक्टर व्हायचंय, करिअर म्हणून कसं आहे?

डॅलसकर_बाबा: मुलगी अकरावीत आहे, क्लॅरिनेट वाजवते. कॉम्प्युटर सायन्स सोडून म्युझिक एज्युकेशनला जायचं म्हणते. आमच्या घरात सगळे इंजिनियर, त्यामुळे काही कळत नाहीये. पोट भरतं का यात?

ट्रंपेटवाला: मी ह्यूस्टनजवळ असिस्टंट डायरेक्टर आहे, सहावं वर्ष. पोट भरतं हो. टीचरचा पगार आणि वर बँडचा स्टायपेंड मिळतो. पण उन्हाळ्याची सुट्टी विसरा, जुलै संपायच्या आतच पार्किंग लॉटच्या तापलेल्या डांबरावर मार्चिंगची (चालता चालता वाजवण्याची) प्रॅक्टिस सुरू, मग नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी फुटबॉल मॅचला वाजवणं, शनिवारी कॉन्टेस्ट, आणि रात्री अकराला ट्रकमधून सूझाफोन (अंगाभोवती घ्यायचं ते अवाढव्य पितळी वाद्य) उतरवताना आपण पदवी नक्की कशाची घेतली असा प्रश्न पडतो 😄

बाबा_रे: ऑर्केस्ट्रावाल्यांचं बरंय मग?

ट्रंपेटवाला: मार्चिंग नाही एवढंच. यूआयएलची (टेक्सासच्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था) साइटरीडिंग त्यांनाही असते, कधी न पाहिलेलं नोटेशन, काही मिनिटं समजावायला, की लगेच वाजवा.

आर्या_मावशी: दादा, डिग्रीच्या शेवटी स्टुडंट टीचिंग म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव असतो, तिथे खरं कळतं. माझी भाची व्हायोलिनवाली, पण चेलो, बास सगळं शिकावं लागलं तिला. फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला टीएमईएचं, म्हणजे टेक्सासच्या संगीत शिक्षकांच्या संघटनेचं, कन्व्हेन्शन असतं, लेकीला घेऊन जा, चार डायरेक्टर गाठून बोला.

डॅलसकर_बाबा: बघतो. हिची आई अजून क्लॅरिनेटला पिपाणीच म्हणते, आधी तिला पटवायचंय.