मदत हवी आहे: पंचांच्या निकालावरून आमच्या कुस्तीवेड्या कंपूत फूट पडली आहे

कुंडलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातला, पलूसजवळचा. आमचा पंधरा-वीस कुस्तीवेड्यांचा कंपू आहे. जुने पैलवान आहेत, द्राक्षबागवाले आहेत, एक प्राथमिक शिक्षक, एक एसटीतले वाहक, आणि अलीकडे आलेली कॉलेजची पोरं. जत्रा सुरू झाल्या की गाडी ठरवायची आणि गावोगावची मैदानं करायची, हा आमचा शिरस्ता. कुंडलच्या मैदानाला तर भावकीतलं लग्न सोडून आलेली माणसं आहेत आमच्यात.

अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीपासून हे सगळं बिघडलं. फेब्रुवारी २०२५ मधली शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची गादी (म्हणजे मॅट) विभागाची लढत तुम्हाला आठवत असेल. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निकाल दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेंचं म्हणणं होतं, आणि त्या रागात त्यांनी पंचांना लाथ मारली. पुढे मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांची किताबाची लढतही वादातच संपली, गायकवाड आखाडा सोडून गेले. गदा मोहोळांना मिळाली, राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक हे इथे ठरवायचं नाही, ती चर्चा पुष्कळ झाली आहे.

माझी अडचण पुढची आहे. कंपूतले आण्णा वयाने सत्तरीपुढचे. तरुणपणी त्यांनी बरीच मैदानं मारलेली. पैलवानाचा पाय नुसता सरकला की पुढचा डाव कुठला येणार हे ते आधी सांगतात. दुसरा वाळव्याकडचा एक पोरगा, पंचाच्या परीक्षेची तयारी करतोय, नियमावली तोंडपाठ. त्या लढतीचा व्हिडिओ पाहताना आण्णा म्हणाले, "पाठ कुठं लागलीय? ह्याला चितपट म्हणत्यात व्हय?" पोरगा म्हणाला, "आण्णा, तुम्हाला गादीचे नियम माहीत नाहीत." आण्णांनी विचारलं, "तुझा कान तरी मोडलाय का कुस्तीत?" एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण बाकीच्यांनी बाजू धरल्या. पुणेवाले, सोलापूरवाले, अमक्या तालमीचे, तमक्या वस्तादाचे. मग पैलवानांची जात निघाली, आणि २०२३ चा सिकंदर शेखचा वाद उकरून धर्मही निघाला. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये जे लिहिलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता आण्णा गाडीत बसायला तयार नाहीत. पोरगाही येत नाही. चैत्राच्या जत्रा तोंडावर आल्यात.

काहीजण म्हणतात, ग्रुपवर महाराष्ट्र केसरीचा विषयच बंद करा. मला ते पटत नाही. वाद घालायचा नाही तर कुस्ती बघायची कशाला? येताना गाडीत तासतास चालणारे वाद मला मैदानाइतकेच प्रिय आहेत. वाद राहावा आणि माणसंही राहावीत, यासाठी तुमच्या गावात, तालमीत कुणी काही केलं असेल तर सांगा. आणि आण्णांसारख्या माणसाला नवा नियम सांगायचा तर त्यांचा मान राखून कसा सांगायचा?

---

लालमाती

मी कोल्हापूरचा. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळ्यांनी हळू आवाजात, नियमाला धरूनच बोलायचं असं ठरवलं तर चुकीचे निकाल असेच खपत राहतील. मैदानातला पंच पब्लिकला भितो म्हणून सरळ वागतो. पब्लिकनं ओरडायचंच नाही तर त्याला धाक कुणाचा? तुमचे आण्णा चिडले तर बरोबरच चिडले. जातीवर गेले त्यांना मात्र सरळ बाहेर काढा, त्यात विचार काय करायचा.

---

शिट्टी

दादा, मी तालुका-जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभा राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते आण्णा आणि तो पोरगा दोन वेगळ्या कुस्त्यांबद्दल बोलतायत. गावच्या मैदानातली मातीवरची कुस्ती निकाली. गुण नाहीत, चितपट होईपर्यंत लढायचं, नाहीतर बरोबरीत सोडवायची. पाठ अशी लागली पाहिजे की लांब बसलेल्या म्हाताऱ्यालाही शंका राहता कामा नये. आण्णांची नजर त्या मैदानांवर तयार झाली. गादीवर चितपटीचा नियम वेगळा आहे. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकून, वरच्या पैलवानाचा पूर्ण ताबा पंचाला दिसला की झालं. त्याला क्षणभर पुरतं. पंच एकटा ठरवत नाही, बाजूचा पंच किंवा मॅट चेअरमन (त्या गादीवरचा प्रमुख पंच) यांची संमती लागते. पण पलीकडच्या बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला त्या क्षणी फक्त पैलवानांच्या पाठी आणि पाय दिसतात. मोबाइलवरचा व्हिडिओही एकाच बाजूने काढलेला असतो. म्हणजे आण्णा "मला दिसलं नाही" म्हणतात ते खरंच आहे, आणि पोरगा "एवढं पुरतं" म्हणतो तेही खरं आहे.

जानेवारी २०२३ ला पुण्यात असंच झालं. महाराष्ट्र केसरीत माती विभागालाही गुण असतात, आणि तिथे महेंद्र गायकवाडनी सिकंदर शेखवर बाहेरची टांग हा डाव मारून ४ गुण मिळवले. वाद कशावरून? उभ्या पैलवानाला डाव मारून थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं तर ४. नुसतं खाली आणून ताबा मिळवला तर २. आणि धोक्याची स्थिती म्हणजे पाठीचा जमिनीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी. सगळं भांडण त्या कोनाचं. ते आडनावावर आणि धर्मावर गेलं, पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. कोनावर भांडले असते तर निदान चार पोरं नियम शिकली असती.

एक करून बघा. जुन्या लढतीचा व्हिडिओ लावा, आवाज बंद ठेवा, गुणफलक झाका. डाव झाला की थांबवा आणि प्रत्येकाने कागदावर गुण लिहायचे. मग बोलायचं. मी तालुक्याच्या स्पर्धेआधी नव्या पंचांना असंच बसवतो. आपल्याच तालमीच्या दोघांचे गुण वेगळे निघतात तेव्हा "तू त्यांचा माणूस" हा आरोप आपोआप गळून पडतो.

लालमाती दादा, पब्लिकच्या धाकाबद्दल: ओरडणारा पब्लिक पंचाला सरळ ठेवतो तसा वाकवतोही. यजमान गावचा पैलवान खाली असताना चितपट द्यायला छाती लागते, हे मी स्वतः उभा राहून सांगतो. गादीवर त्यासाठी आव्हानाची सोय आहे. प्रशिक्षक आत मऊ खेळणं टाकतो, व्हिडिओ तपासला जातो. आव्हान फसलं तर समोरच्याला १ गुण. तक्रार करा, पण ती फुकट नाही. तुमच्या ग्रुपवर "पंच विकला गेला" लिहिणाऱ्याला तरी विचारा, कितव्या मिनिटाला, कुठल्या डावावर?

---

मिरजेची

माझी मुलगी कुस्ती खेळते. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, ते बघून तिने तालीम धरली. तेव्हा ती लहान होती, आता गटात उतरते.

मागे एका स्पर्धेत ती एका गुणाने जिंकली. निकालावर वाद झाला. समोरच्या मुलीच्या गावच्या लोकांनी मोबाइलवर काय काय लिहिलं, ते तिने सगळं वाचलं. तिच्या कपड्यांबद्दल, आमच्या घराबद्दल. पंचांनी गुण दिला यात तिचा काय दोष होता? आठवडाभर ती तालमीत गेली नाही. वस्ताद घरी आले, तिच्याशी फक्त त्या डावाबद्दल बोलले, कुठे हात सुटला, कुठे पकड ढिली पडली. तेव्हा परत गेली.

लालमाती, तुम्ही रागावता ते कुस्तीवरच्या प्रेमापोटी, हे कळतं मला. पण ओरडा मैदानात विरून जातो, लिहिलेलं पोरींच्या हातात येतं. तुमच्या ग्रुपवर लिहिताना समजा की तो पैलवान आणि त्याची आई हे वाचणार आहे. कारण वाचतातच.

---

लालमाती

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मैदानातल्या ओरडण्याबद्दल माझं मत तेच आहे, पण मोबाइलवर लिहिण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. लेकीला सांगा, कोल्हापुरात कुस्तीला आली तर आमची तालीम टाळ्या वाजवायला येईल.

---

कराडकर

कराडला, गोळेश्वरच्या बाजूला राहतो, त्यामुळे खाशाबांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा सहावे आले. मातीतला पैलवान, गादी आणि तिथले नियम नवखे. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य. तिथेही सोव्हिएत पैलवानाशी लढण्याआधी त्यांना नियमातली विश्रांती मिळाली नाही, आणि त्यांच्या बाजूने नियम दाखवून भांडायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, असं इकडे सगळे सांगतात.

मला त्यातून वाटतं की आण्णांना तो पोरगा हवा आहे आणि पोराला आण्णा हवे आहेत. उद्या पलूसचा एखादा मल्ल मोठ्या गादीवर अडला तर नियम हातात धरून बोलणारा माणूस लागेल, तो हाच पोरगा असेल. पण डाव पुरा बसला की नाही हे ओळखायची नजर त्याला पुस्तकातून मिळायची नाही.

आण्णांना कसं सांगायचं विचारलंत. सांगू नका, विचारायला पाठवा. पोराने एकट्याने आण्णांच्या घरी जावं. चार लोकांत नको, मोबाइलवर तर नकोच. "बाहेरची टांग मारताना समोरच्याची पाठ कधी वळते ते मला दाखवा, परीक्षेला लागणार आहे," एवढंच म्हणावं. जुना पैलवान डाव दाखवायला कधी नाही म्हणत नाही. दाखवता दाखवता कोनाचं आणि गुणांचं बोलणं निघेलच.

२०२२ ची महाराष्ट्र केसरी आमच्या साताऱ्यात झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला हरवलं तेव्हा मी स्टेडियमवर होतो. शेजारी बसलेले दोघे बनकरच्या बाजूचे, मी पाटीलच्या. पूर्ण वेळ भांडत होतो. जाताना त्यांनी मला साताऱ्याच्या एसटी स्टँडपर्यंत मोटारसायकलवर सोडलं, वाटेतही भांडण चालूच.

---

कुंडलवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. शिट्टी दादा, कोनाचं तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की मी ते तसंच छापून घेणार आहे. आम्ही इतके महिने कशावर भांडत होतो ते आज कळलं.

कराडकर, तुमचा उपाय लगेच केला. पोराशी बोललो. आधी "मी का जाऊ, मी बरोबर होतो" म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहेस म्हणूनच जा. तो काल संध्याकाळी गेला. आण्णांनी चहा पाजला, नियमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण अंगणात त्याला तीन वेळा टांग मारून दाखवली म्हणे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने. चितपटीवर आण्णांचं मत बदललेलं नाही. "गादीला गादीचा नियम असंल, मी त्याला कुस्ती म्हणायचो न्हाय," असं स्पष्ट सांगितलं त्यांनी. पोरगाही आपल्या मतावर आहे. माझ्या दृष्टीने हे उत्तम झालं, कारण दोघेही गाडीत येतायत.

ग्रुपवर मी दोन गोष्टी लिहून टाकल्या. निकालावर बोलायचं तर डाव आणि वेळ सांगायची. पैलवानाची जात, धर्म, घरदार काढलं तर तो माणूस त्या हंगामात गाडीत नाही. दोघे ग्रुप सोडून गेले. त्यातले एक माझे जवळचे आहेत, त्यांच्याशी समोर बसून बोलणार आहे. आणि मिरजेच्या ताईंचं लिखाण त्यांना विचारून ग्रुपवर टाकेन म्हणतो. चालेल का ताई?

एकच शंका उरली. कागदावर गुण लिहिण्याचा खेळ करायला जुन्या पैलवानांना लाज वाटेल का? आमच्यात दोघांना लिहिता येत नाही.

---

शिट्टी

लिहायची गरजच नाही. हाताची बोटं दाखवायची. आम्ही पंचही गुण बोटांनीच दाखवतो की. सगळ्यांनी एकदम हात वर करायचा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून कुणी बदलणार नाही.

---

मिरजेची

टाका ग्रुपवर, फक्त मुलीच्या वयाचा, गटाचा उल्लेख करू नका. आणि एक विचारायचं होतं. तुमच्या गाडीत दोन जागा होतील का? तिला मातीवरचं मोठं मैदान दाखवायचं आहे, आणि आण्णांच्या शेजारी बसवायचं आहे.

---

कुंडलवाट (धागाकर्ता)

ताई, दोन जागा धरल्या. गाडी पलूसहून सुटते, तुम्ही तासगाव नाक्यावर थांबलात तर तिथून घेऊ. वेळ व्यक्तिगत निरोपात कळवतो. येताना उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली आणा, मैदानात सावली नसते.