सॉफ्टी मशीनमध्ये गूळ आणि बेदाणा: माल कोनवर उभाच राहत नाही

हळदपेठ:
सांगलीत, विश्रामबागला सॉफ्टीचं काउंटर टाकायचंय. मशीन २+१ (दोन चवींचे दोन दांडे, मधला मिश्र), कॉम्प्रेसर एकच. व्हॅनिला-चॉकलेट सगळीकडे मिळतं, म्हणून एका बाजूला गूळ, दुसऱ्या बाजूला बेदाणा आणि मधल्या दांड्याला दोन्हींचा पीळ. पण गूळ घालून दूध उकळलं की फाटतं. साखर तेवढीच ठेवून बेदाणा घातला तर माल ढिला, कोनवर बसतो. तुकडे नोझलला अडकतात ते वेगळंच. थंडी वाढवली की गुळाच्या बाजूचा बीटर (आत माल ढवळणारं पातं) जाम. मशीन बदलू का?

मिरज जंक्शन:
मशीन ठेवा, साखर मोजा.

१० किलो मिक्सला गाईचं दूध ६.४ किलो, २५ टक्के फॅटची क्रीम दीड किलो, स्किम्ड दूध पावडर ४७५ ग्रॅम, साखर ७००, गूळ ६००, स्टॅबिलायझर (मिक्स घट्ट धरून ठेवणारी पावडर) ४० ग्रॅम. स्टॅबिलायझर कोरडाच साखरेत कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. गूळ सोडून सगळं ६९ अंशांवर अर्धा तास ठेवा, भरपूर घुसळा, ४ अंशांपर्यंत उतरवा.

गुळाचा आंबटपणा आणि क्षार गरम दुधाला फाडतात, थंड मिक्सला सहसा नाही. म्हणून गूळ ३०० ग्रॅम पाण्यात वेगळा उकळून, गाळून, गार करून शेवटी घाला. मग फ्रिजमध्ये किमान ४ तास. रात्रभर ठेवलं तर हवेचा फुगवटा चांगला धरतो.

वाईकर:
वरच्या मापात बेदाण्याची बाजू मात्र बसणार नाही. बेदाण्यात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखर असते, तीही ग्लुकोज-फ्रुक्टोज. ती गोठणबिंदू साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट खाली ओढते. दूध, क्रीम, पावडर तेच ठेवा. गूळ काढा, ५०० ग्रॅम बेदाणा घातलात तर साधी साखर ७५०च. कॉम्प्रेसर एक असल्यामुळे दोन्ही मिक्स एकाच थंडीला सारखे घट्ट व्हायला हवेत. एक ढिला असला की तुम्ही थंडी वाढवता आणि दुसरा मशीनच्या गोठवणाऱ्या सिलिंडरमध्ये दगड होतो. बीटर त्यामुळेच अडतोय.

बेदाणा कोमट पाण्यात धुवा (द्राक्षं वाळवताना लावलेलं डिपिंग ऑइल जायला हवं), ३०० ग्रॅम पाण्यात भिजवा, त्याच पाण्यासकट बारीक वाटा, चाळणीतून काढा. हीसुद्धा पेस्ट थंड मिक्समध्येच. अख्खा बेदाणा हॉपरमध्ये (मिक्स ओतायच्या वरच्या टाकीत) कधीच नाही, फक्त वरून.

स्क्रेपर:
माल फुसफुसत, पिचकारीसारखा येत असेल तर आधी हॉपरची पातळी बघा. मिक्स खाली गेलं की पंप किंवा एअर ट्यूब (मिक्ससोबत हवा आत सोडणारी नळी) नुसती हवा ओढते. मशीनमागे वीतभर मोकळी जागा सोडा. एप्रिलच्या उन्हात भिंतीला चिकटलेलं मशीन थंडी धरत नाही. आणि बोर्डावर शब्द जपून लिहा. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात नुसत्या 'आइस्क्रीम'ला किमान १० टक्के दूधफॅट लागतं. वरच्या मापाने तुमचा साधारण ६ टक्के फॅटचा माल 'मीडियम फॅट' आइस्क्रीममध्ये येतो. तयार प्रीमिक्समध्ये वनस्पती फॅट असेल तर ते फ्रोझन डेझर्ट.

हळदपेठ:
आणि गुळाच्या बाजूला थोडी हळद?

स्क्रेपर:
हॉपरमध्ये नको. हळदीचा रंग फॅटमध्ये उतरतो आणि मशीनचे रबरी गॅस्केट, ओ-रिंग पिवळे करून ठेवतो. धुऊन पूर्ण निघत नाही. गुळाच्या घट्ट पाकात चिमूटभर शिजवा आणि कोनवर धार सोडा. पाक मात्र गार करूनच, गरम पडला तर सॉफ्टी बसलीच.